बोरघाटातली गंजकी सायडिंग

आमच्या रेल्वेत 'अप' म्हणजे मुंबईकडे आणि 'डाऊन' म्हणजे मुंबईपासून लांब. त्यामुळे बोरघाटात अप गाडी खाली उतरते आणि डाऊन गाडी वर चढते. नोकरीला लागलो तेव्हा या उलट्या भाषेचं मला हसू यायचं. पुढे छत्तीस वर्षं गार्डाची नोकरी झाली, त्यातली बरीचशी मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये. प्रवाशांना घाट म्हटला की चढ आठवतो: कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात, तेवढ्या वेळात वडा खाऊन होतो, मग बोगदे सुरू. आम्हा लोकांना घाट म्हटला की उतार आठवतो. चढताना इंजिन दमलं तर गाडी उशिरा पोचते. उतरताना ब्रेक दमला तर काय होतं, ते माझ्या आजोबांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

आजोबा खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर पॉइंटमन होते. आता ते स्टेशन नाही. कड्याच्या टोकावर गाडी जाऊन थांबायची, इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे निघायची. डोंगरात गाडीला वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून जेम्स बर्कली या जी.आय.पी. रेल्वेच्या मुख्य इंजिनिअरने ही युक्ती काढली. चढणाऱ्या गाडीला त्यात फक्त वेळ जायचा. उतरणाऱ्या गाडीच्या पुढ्यात मात्र थोडे रूळ, एक अडसर आणि त्यापलीकडे दरी.

घाटाचं काम १८५६ला सुरू झालं. फॅव्हिएल नावाच्या ठेकेदाराने ते घेतलं आणि १८५९मध्ये, मजुरांच्या दंग्यानंतर, सोडून दिलं. मग सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. काम पुढे रेटलं ते त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने. ठेका तिने स्वतःच्या नावावर घेतला आणि देखरेखीला दोन माणसं नेमली. १८६१मध्ये या डोंगरावर ४२,००० माणसं राबत होती. त्यातल्या किती जणांनी आपलं गाव पुन्हा पाहिलं, याचा हिशेब कुठल्या कोनशिलेवर नाही. सुमारे २५ किलोमीटरची वाट, २५ बोगदे, १,८३१ फुटांची चढण, आणि सगळ्यात तीव्र ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं की १ फूट उंची. २१ एप्रिल १८६३ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. जुन्या गाडीरस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. साहेबाला डोंगरातली वाट दाखवणारा धनगर तो, आणि वाट दाखवून झाल्यावर साहेबानेच त्याला गोळी घातली, असं म्हणतात. खरं-खोटं तोच जाणे, पण ट्रकवाले आजही तिथे नाणं टाकतात. उतार असा आहे की कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटतंच.

३७ला १ हे कागदावर किरकोळ दिसतं. उभी गाडी या उतारावर नुसती सोडून दिली, तर मिनिटभरात तिचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास जातो. आणि १८६३मध्ये घाटातल्या गाड्यांना सगळ्या डब्यांवर एका दांड्याने लागेल असा ब्रेकच नव्हता. इंजिनाचा ब्रेक आणि ब्रेकव्हॅनमधल्या माणसांचे हात, एवढ्यावर कारभार. शिटी ऐकली की चाक फिरवून ब्रेक आवळायचा. २६ जानेवारी १८६९ला एका मेलगाडीचे ब्रेक निकामी झाले आणि ती रिव्हर्सिंग स्टेशन ओलांडून गेली. आजोबांच्या वेळी ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, पण पॉइंटमन मंडळी ती काल घडल्यासारखी सांगायची. आजोबा शेवटी एकच वाक्य बोलायचे: "वेग दुप्पट झाला ना, की गाडी चौपट होते."

मला ते कोडं वाटायचं. अकरावीत फळ्यावर गतिज ऊर्जेचं सूत्र आलं, वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणा, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट. वेग दुप्पट केला तर चौपट, तिप्पट केला तर नऊपट. आजोबा चौथी पास होते. या वर्गाच्या भानगडीवर युरोपातले पंडित मात्र अठराव्या शतकात चांगलेच भांडले. हॉलंडमध्ये 'स ग्राव्हेसांडे याने पितळी गोळे मऊ चिकणमातीवर टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आलेला गोळा मातीत चौपट रुतायचा. एमिली द्यु शातले या विदुषीने ते प्रयोग उचलून धरले. गंमत अशी की 'गतिज ऊर्जा' या अर्थाचा इंग्रजी शब्द थॉमसन आणि टेट यांनी सर्वसामान्य वाचकांच्या एका मासिकात मांडला तो १८६२मध्ये, म्हणजे इकडे बोगद्यांना शेवटचे सुरुंग लागत असताना.

नोकरीत मी माझा हिशेब वेगळा मांडला. समजा, १,००० टनांची मालगाडी लोणावळ्याहून कर्जतला उतरतेय. तेवढी उंची उतरताना तिच्यातून साधारण १,५०० युनिट विजेइतकी ऊर्जा बाहेर पडणार, हे ठरलेलं. ताशी ३०ने चालणाऱ्या त्याच गाडीच्या वेगात मात्र १० युनिटसुद्धा नसतात. मग बाकीचे जातात कुठे? ब्रेक ब्लॉक खातात. संपूर्ण घाटभर, इंचाइंचाला. करपलेल्या लोखंडाचा तो वास ब्रेकव्हॅनमध्ये यायचा, रात्री चाकांशी लालसर ठिणग्या दिसायच्या. वास आला की बरं वाटायचं, म्हणजे ब्लॉक जेवतायत. ब्लॉक जेवायचे थांबले तर तो सगळा शिधा वेगाच्या ताटात पडतो.

वजनाची भीती इथे येते. व्हॅक्यूम ब्रेकच्या वाघिणीला एक हँडल असायचं, 'एम्टी' आणि 'लोड'. भरलेल्या वाघिणीचं हँडल चुकून एम्टीवर राहिलं तर रिकाम्या वाघिणीपुरता ब्रेक भरलेल्या वाघिणीला लागणार. एकदा पावसाळ्यात घाटमाथ्यावर गाडी तपासताना अशी तीन हँडलं मला एकाच गाडीत सापडली. अगोदर कुणी तपासलं होतं ते मी विचारलं नाही. हँडलं फिरवली, वहीत नोंद केली, आणि खाली पोचेपर्यंत हाताचा थरथराट गेला नाही.

वेगाच्या भीतीवर उपाय म्हणजे कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीने मंकी हिलला थांबायचं, ठाकूरवाडीला थांबायचं. पुढचा सांधा मुद्दाम सायडिंगकडे लावून ठेवलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे. मग सांधा मुख्य मार्गाला लागतो. नाही थांबली तर ती आपोआप सायडिंगवर चढते. हो, चढते. सायडिंग डोंगराच्या अंगावर वर वर जाते आणि गाडीचा वेग ती उंची खाते. ताशी ३०चा वेग जिरवायला साडेतीन मीटर उंची पुरते. ६०ला १४ मीटर लागतात, ९०ला जवळजवळ ३२. यात वजन कुठेच येत नाही, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं. भारी गाडीत ऊर्जा जास्त, पण तिला वर चढवायचं ओझंही तेवढंच जास्त. दोघांची फिटंफाट होते. ५०० टन असो की २,०००, सायडिंग विचारते फक्त वेग.

आजोबांचं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९मध्ये बंद झालं. नवे बोगदे पडले, तारा आल्या, आणि त्याबरोबर लांब नाकाची विजेची इंजिनं. त्यांना आमच्याकडे 'खेकडा' म्हणत. खेकडा उतरताना त्याच्या मोटारीच उलट वीज तयार करून तारेत सोडायच्या. ब्लॉकांनी खाऊन फुकट घालवायची ती ऊर्जा समोरून चढणाऱ्या गाडीच्या कामी यायची. आजोबांना हे अजिबात पटलं नव्हतं. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला ओढते, असं कुणी सांगितलं की ते म्हणायचे, "मग बँकर कशाला लावता?"

हल्ली पुण्याला लेकीकडे जातो. येताना अप गाडी मंकी हिलला थांबली की डब्यात कुरकुर सुरू होते: इथे स्टेशन नाही, चढणारं-उतरणारं कुणी नाही, उगाच का थांबते? मी खिडकीतून सायडिंगचे रूळ बघतो. मुख्य मार्गाचे रूळ चाकांनी घासून आरशासारखे असतात. सायडिंगच्या रुळांवर तांबडा गंज दाट चढलेला आणि स्लीपरच्या फटीतून गवत आलेलं असतं. गवत तसंच आहे ना, एवढं पाहून घेतो. तोवर गाडी हलते.