सुंदरी आणि पशू : एका परीकथेचे मूळ वय

परीकथा घेऊन त्यांच्यावर प्रौढांसाठी प्रणयकादंबऱ्या रचण्याची लाट इंग्रजी वाङ्मयात गेली काही दशके आहे. आपल्याकडील जाणत्या वाचकांची त्यावरची प्रतिक्रिया बहुधा नाराजीची असते. लहान मुलांच्या निरागस गोष्टीत शृंगार कशाला कालवायचा, असा तो सूर. माझाही काही काळ तोच होता. मात्र ‘सुंदरी आणि पशू’ या सर्वतोमुखी झालेल्या कथेचा इतिहास पाहू लागल्यावर तो सूर सोडावा लागला. कारण येथे क्रम नेमका उलटा आहे. ही कथा आधी प्रौढांसाठी लिहिली गेली आणि नंतर कात्री लावून मुलांच्या हाती देण्यात आली.

प्रौढांच्या वाङ्मयात या कथाबीजाचा पहिला ठळक अवतार फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील अपुलेयस या लॅटिन लेखकाने आपल्या कादंबरीत क्यूपिड आणि सायकी यांची कथा गुंफली. रात्रीच्या अंधारात येणारा, तोंड न दाखवणारा पती आणि त्याला दिव्याच्या उजेडात पाहण्याचा मोह न आवरलेली पत्नी असा तिचा विषय आहे. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील सुशिक्षित स्त्रियांच्या बैठकींतून परीकथा हा वाङ्मयप्रकार म्हणून मान्यता पावला. मादाम दोलनुआ यांनी 1697मध्ये आपल्या संग्रहाला जे नाव दिले, त्यातूनच ‘परीकथा’ हा शब्द युरोपात रूढ झाला. त्यांच्या ‘मेंढा’ या कथेत शापित राजा मेंढ्याच्या रूपात आहे. राजकन्या वेळेवर परतत नाही आणि तो विरहाने प्राण सोडतो. येथे शेवट गोड नाही. श्रोते पोरेसोरे नव्हते, हे यावरून उघड होते.

पण आपल्या विषयाची खरी नायिका गाब्रिएल-सुझान द व्हिलनव ही आहे. 1706मध्ये तिचे लग्न एका लष्करी अधिकाऱ्याशी झाले. सहा महिन्यांच्या आतच पतीने मालमत्तेचा बराच भाग उडवला म्हणून तिला आपली मिळकत वेगळी करून मागावी लागली. 1711मध्ये वैधव्य आले, पुढे पैसा संपला आणि पॅरिसला येऊन लेखणीवर उदरनिर्वाह करण्याची पाळी आली. तेथे ती क्रेबियों या नाटककाराच्या घरी राहिली. हे गृहस्थ ग्रंथांची सरकारी तपासणी करणारे अधिकारीही होते. 1740मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात ‘सुंदरी आणि पशू’ ही कथा आली. तिला कथा म्हणावे की कादंबरी, असा प्रश्न पडावा इतकी ती लांब आहे.

या मूळ रूपातील पशू आपण चित्रपटात पाहतो तसा केसाळ सिंहासारखा नाही. त्याला हत्तीसारखी सोंड आहे, अंगावर खवले आहेत आणि चालताना त्या खवल्यांचा खणखणाट होतो. (सोंड ही आपल्याला मंगलमूर्तीची खूण, फ्रेंच वाचकाला मात्र ती भयाची पराकाष्ठा वाटावी, ही गंमतच.) शापाची आणखी एक अट अशी, की त्याने जितके कुरूप दिसायचे तितकेच मंदबुद्धीही भासायचे. म्हणजे रूप नाही तर नाही, पण वाक्चातुर्याने मन जिंकण्याची वाटही बंद! सुंदरी दिवसभर त्या प्रासादात पोपट-माकडांच्या सहवासात रमते, ग्रंथालयात वाचते आणि खिडक्यांतून पॅरिसची नाटके व जत्रा पाहते. रात्री भोजनाच्या वेळी पशू येतो, जुजबी चार शब्द बोलतो आणि जाताना रोज एकच प्रश्न विचारतो. तो प्रश्न लग्नाचा नाही. तू माझ्या शय्येवर येशील का, असे तो सरळ विचारतो. पहिल्या रात्री ती भयाने ओरडते. पण ‘नाही’ म्हणताच तो निमूटपणे निघून जातो. पुढल्या रात्री पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच निघून जाणे.

या एका प्रसंगासाठी मी मूळ कथेला प्रौढ म्हणतो. ज्या काळात मुलीला विचारण्याची पद्धत फ्रान्समध्येही नव्हती आणि पुण्यातही नव्हती, त्या काळात एक लेखिका असा प्राणी कल्पिते की जो दिसतो भयंकर, ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे, आणि जो रोज विचारतो व नकार ऐकून परत जातो. पतीच्या उधळेपणाचा अनुभव घेतलेल्या स्त्रीच्या लेखणीतून हे उतरले, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

दुसरी गुंतागुंत स्वप्नांची. सुंदरीच्या स्वप्नात रोज एक देखणा तरुण येतो आणि ती त्याच्यावर अनुरक्त होते. दिवसाच्या उजेडात मात्र सहवास पशूचा. स्वप्नातील तरुण आणि पशू एकच आहेत हे तिला ठाऊक नाही, त्यामुळे पशूला होकार देणे म्हणजे प्रियकराशी प्रतारणा करणे अशा पेचात ती सापडते. मनातला पुरुष आणि घरातला पुरुष यांच्यातील हे अंतर लहान मुलाला काय कळणार? दोन महिन्यांच्या रजेवर ती माहेरी जाते, उशिरा परतते, मूर्च्छित पशूला पाणी शिंपडून शुद्धीवर आणते आणि मग होकार देते. त्या रात्री पशू चक्क घोरत झोपतो. सकाळी तिच्या शेजारी स्वप्नातला तरुण असतो.

आणि येथे कथा संपत नाही! राजपुत्राची आई येते आणि व्यापाऱ्याची मुलगी सून म्हणून नको, असे सांगते. वाचकाला वाटते, आता खरी कसोटी. पण लेखिका कच खाते. सुंदरी मुळात एका राजाची आणि परीची कन्या असल्याचे रहस्य उलगडते, त्यावर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि कुळाचा प्रश्न सुटतो. स्वकर्तृत्वाने मिळवलेले स्थान जन्माच्या दाखल्यावर पक्के करून घ्यावे, असा हा प्रकार. मला तो भाग रुचत नाही.

मादाम व्हिलनव 1755मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी, 1756मध्ये, लंडनमध्ये गृहशिक्षिका म्हणून राहणाऱ्या मादाम ल प्रॅंस द बोमाँ यांनी मुलींसाठी संवादरूप पाठांचे पुस्तक काढले आणि त्यात हीच कथा थोडक्यात दिली. मूळ लेखिकेचा नामनिर्देश नाही. बारा भावंडांची सहा झाली, दोन महिन्यांची रजा आठवड्यावर आली, स्वप्नातला तरुण गेला, राजरक्ताचे रहस्यही गेले (हा एक फायदाच) आणि पशूचा प्रश्न बदलून ‘माझ्याशी लग्न करशील का’ असा झाला. मत्सरी बहिणींचे शेवटी पुतळे झाले. रूप आणि बुद्धी यांपेक्षा पतीचा सद्गुण मोठा, हा धडा ठळक करण्यात आला. ज्या मुलींना उद्या आईबापांनी ठरवलेल्या वयस्क वराच्या घरी जायचे होते, त्यांची मनोभूमिका तयार करणारा हा पाठ होता.

उभे आयुष्य सरकारी कचेरीत गेल्यामुळे मला येथे आमच्या फायलींची आठवण होते. चारशे पानांच्या प्रकरणावर कनिष्ठ लिपिक दीड पानाचा गोषवारा लिहितो आणि पुढे सारे निर्णय त्या दीड पानावरच होतात. मूळ कागद कोणी उघडत नाही. बोमाँबाईंचा गोषवारा उत्तम होता, यात शंका नाही. जगभर गेला तो तोच. 1771मध्ये ग्रेत्रीने त्यावर संगीतिका केली, 1946मध्ये झाँ कॉक्तोने चित्रपट केला आणि 1991मध्ये डिस्नेचे चलच्चित्र आले. अँड्र्यू लँगने 1889मध्ये इंग्रजी बालकांसाठी संग्रह केला, तेव्हा स्वप्नातला तरुण परत आणला, पण प्रश्न मात्र लग्नाचाच ठेवला.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. 1884मध्ये पतीने दावा लावला. 1885मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पण अपिलानंतर 1887मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी 1888मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. व्हिलनवबाईंच्या पशूला जे कळत होते, ते मुंबईच्या न्यायालयाला उमगण्यास किती कष्ट पडले, एवढेच येथे नोंदवतो.

या दृष्टीने पाहता अलीकडच्या लेखिकांनी केले ते दुरुस्तीचे काम होय. रॉबिन मॅकिन्लीची ‘ब्यूटी’ ही कादंबरी 1978ची. 1979मध्ये अँजेला कार्टरने याच कथेची दोन रूपे एकाच संग्रहात दिली. त्यांपैकी वाघाच्या कथेत पशू माणूस होत नाही, मुलगीच वाघीण होते. धक्का बसतो खरा. परंतु शय्येचा प्रश्न पुन्हा उघडपणे विचारला गेला, हे मान्य केले पाहिजे. सीमाभागातील वाचकांना गिरीश कार्नाडांचे ‘नागमंडल’ (1988) आठवेल. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या लोककथांवर ते उभे आहे. नवरा दुपारी फक्त जेवायला येतो आणि रात्री त्याच्याच रूपात नाग येतो. कार्नाडांनी लोककथेत काही नवे घुसडले असे मला वाटत नाही. बायका आपसांत जे सांगत होत्या, ते त्यांनी रंगमंचावर आणले.

कारण आपल्याकडेही या कथा होत्याच. पंचतंत्रात सर्पाशी लग्न लागलेली ब्राह्मणकन्या आहे. 1865च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दक्षिणी मराठा मुलखाच्या दौऱ्यावर असताना त्यांची कन्या मेरी हिला ॲना लिबेराता द सूझा या आयाने गोष्टी सांगितल्या. ॲनाचे आजोबा मूळचे लिंगायत घराण्यातले. कुटुंब गोव्याजवळ येऊन स्थायिक झाले आणि तेथे ते ख्रिस्ती झाले. 1868मध्ये लंडनला छापलेल्या त्या पुस्तकात राणीने पाळलेल्या माशाची कथा आहे. मासा मोठा होतो आणि बायको मागतो. मोहरांची थैली घेऊन सावत्र आई मुलीला देऊन टाकते. मुलीला कोणी विचारत नाही. सात फण्यांचा नाग तिला तीन खडे देतो, तिसरा खडा लागताच माशाचा राजा होतो.

व्हिलनवबाईंच्या पुस्तकातही कथा सांगते ती एक दासीच, तीही प्रवासात. कॅरिबियन समुद्रातील सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीकडे जहाज निघालेले असते आणि ऐकणारी तिची मालकीण, लग्न ठरलेली तरुण मुलगी, त्याच लग्नासाठी चाललेली असते.