पेनड्राइव्ह विलग न होणे

संगणकाच्या यूएसबी खाचेतील पेनड्राइव्ह बाहेर काढण्यापूर्वी त्यावरील फाइलव्यवस्था रीतसर विलग करण्याचा, म्हणजे नेहमीच्या बोलीत तो ‘अनमाउंट’ वा ‘इजेक्ट’ करण्याचा, हुकूम दिला असता ‘ड्राइव्ह वापरात आहे’ असा शेरा मारून कार्यप्रणालीने तो नामंजूर करणे. हा यंत्रातील बिघाड नव्हे. ज्या ड्राइव्हवरील एखादी फाइल अद्याप कोणा प्रोग्रामच्या ताब्यात आहे तो सोडू नये, या जुन्या नियमाची ही अंमलबजावणी आहे. यूनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या नियमपुस्तिकेत जोडणी व विलगीकरण या दोन्ही आज्ञा आढळतात, आणि त्याच परंपरेतील लिनक्समध्ये हा नकार आजही ‘ईबिझी’ या नावाने, १६ या त्रुटिक्रमांकाखाली, दाखल होतो. पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली. म्हणजे तंटा नवा वाटला तरी कायदा पुष्कळ जुना आहे.

नकार आणि दिरंगाई यांची गल्लत फार होते, ती प्रथम दूर करणे इष्ट. लिनक्समध्ये लिहिलेला मजकूर लगोलग ड्राइव्हवर पोहोचत नाही. तो आधी स्मृतीत साठतो, आणि कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, मूळ मांडणीप्रमाणे दर ५ सेकंदांनी फेरी घालणारी यंत्रणा ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर ड्राइव्हकडे रवाना करते. त्यामुळे नक्कल पूर्ण झाल्याची पट्टी काठोकाठ भरली तरी ड्राइव्हवरील दिवा लुकलुकतच राहतो, आणि अशा वेळी दिलेली अनमाउंटची आज्ञा नाकारली न जाता, उरलेला मजकूर उतरेपर्यंत निमूट खोळंबते. येथे वाट पाहण्यावाचून उपाय नाही. ज्यास तेवढा धीर नाही त्याने ‘/प्रॉक/मेमइन्फो’ या फाइलीतील ‘डर्टी’ व ‘राइटबॅक’ या दोन ओळींचे आकडे कसे उतरत जातात ते पाहत बसावे.

खऱ्या नकारात मात्र कब्जेदार शोधावा लागतो, आणि तो बहुधा हुकूम देणाराच निघतो. टर्मिनलमध्ये ‘सीडी’ आज्ञेने पेनड्राइव्हच्या फोल्डरात शिरून तेथूनच ‘यूमाउंट’ लिहिले, की ‘टार्गेट इज बिझी’ हे उत्तर येते, कारण त्या टर्मिनलचे चालू ठिकाण त्याच ड्राइव्हवर असते. एकही फाइल उघडलेली नसताना येणारा हा नकार नवख्यास अन्यायाचा वाटतो, पण ‘सीडी’ एवढे दोनच अक्षरांचे फर्मान देऊन घरच्या फोल्डरात परतले, की तो निवळतो. याखेरीज अर्धवट टंकलेला दस्तऐवज, मागच्या खिडकीत थबकलेला चित्रपट, छायाचित्रांच्या लघुप्रतिमा तयार करीत बसलेला फाइल व्यवस्थापक, ही नित्याची कारणे. तपासासाठी ‘एलएसओएफ’ व ‘फ्यूजर’ या आज्ञा आहेत. ‘फ्यूजर’ला ‘-व्हीएम’ जोडून ड्राइव्हचे ठिकाण सांगितले, की वापरकर्ता, प्रक्रियाक्रमांक व प्रोग्राम यांच्या जोडीने एक अक्षरी खूणही मिळते: ‘सी’ म्हणजे चालू फोल्डर, ‘ई’ म्हणजे ड्राइव्हवरूनच चाललेला प्रोग्राम, मोठ्या लिपीतील ‘एफ’ म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली फाइल. या शेवटच्या खुणेपुढे घाई करू नये.

विंडोजमध्ये पडद्यावरील सूचना कोणाचेही नाव घेत नाही, ही तिची मोठी उणीव. तथापि इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टम’ या दप्तरात ‘कर्नल-पीएनपी’च्या नावे २२५ क्रमांकाची नोंद पडते आणि तीत अडविणारा प्रोग्राम क्रमांकासह लिहिलेला असतो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळचेच लागू असल्याने लेखन स्मृतीत तुंबण्याचे भय कमी झाले आहे. पण लेखन चालू असतानाच ड्राइव्ह उपटण्याची मुभा त्यातून मिळत नाही. मॅकवर स्पॉटलाइटची शोधसूची तयार होत असणे हे नकाराचे एक परिचित कारण आहे.

लिनक्समधील सक्तीच्या उपायांची कीर्ती त्यांच्या योग्यतेहून मोठी आहे. ‘यूमाउंट -एफ’ हा प्रकार मुख्यतः संपर्क तुटलेल्या नेटवर्क फाइलव्यवस्थेसाठी आहे. ‘यूमाउंट -एल’ने ड्राइव्हचे नाव तत्काळ दिसेनासे होते, परंतु ज्या प्रोग्रामच्या हाती फाइल आहे तो ती लिहीतच राहतो, दारावरची पाटी उतरवून भाडेकरू घरात तसाच ठेवण्याचा हा व्यवहार असून, निर्धास्तपणे ड्राइव्ह उपटण्याचा मोह उत्पन्न करतो म्हणून साध्या नकारापेक्षा अधिक घातक म्हणावा लागेल. ‘फ्यूजर -के’ कब्जेदारांना थेट ठार करते. न जपलेला मजकूर त्यांच्याबरोबर जातो. त्यातच ‘-एम’बरोबर सांगितलेल्या ठिकाणी ड्राइव्ह जोडलेलाच नसेल, तर ते फोल्डर ज्या फाइलव्यवस्थेत मोडते तिच्या सर्व वापरकर्त्या प्रक्रियांवर ती आज्ञा चालते, आणि असे अरिष्ट टाळण्यासाठीच मोठ्या लिपीतील ‘-एम’ हा निराळा पर्याय ठेवलेला आहे.

क्वचित ‘फ्यूजर’ कोणाचेच नाव सांगत नाही आणि नकार मात्र कायम राहतो. अशा वेळी ताबा सामान्य प्रोग्रामकडे नसून खुद्द कर्नलकडे असल्याचा संशय घ्यावा: ड्राइव्हवरील स्वॅप फाइल चालू आहे काय हे ‘/प्रॉक/स्वॅप्स’मध्ये, तेथील आयएसओ प्रतिमा अन्यत्र जोडलेली आहे काय हे ‘लोसेटप’ने, आणि ते फोल्डर एनएफएसद्वारे दुसऱ्या संगणकास वाटले गेले आहे काय हे ‘एक्स्पोर्टएफएस’ने पाहावे.