पडदा सोडला कोणी?

बाबूराव पेंटरांविषयी एक समज आपल्याकडे इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटतच नाही. बाबूरावांची खरी कारकीर्द म्हणे १९२० साली ‘सैरंध्री’ या मूकपटाने सुरू झाली. त्याआधी ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, पण ती पोटापाण्याची उमेदवारी. सिनेमा हाती आला, त्यांनी पडदा सोडला आणि ते कलावंत झाले.

हे मत मला मान्य नाही. पण पूर्वपक्ष दुबळा करून खोडणे हा युक्तिवाद नव्हे, म्हणून तो आधी पूर्ण बळानिशी मांडतो.

त्या पक्षाचे मुद्दे तीन. पहिला, पडदा रंगवणे ही कारागिरी. मंडळीने सांगायचे आणि रंगाऱ्याने महाल, रस्ता, जंगल, देऊळ काढून द्यायचे. त्यात स्वतंत्र प्रतिभेला वाव कुठला? दुसरा, स्वतः बाबूरावांनीच चित्रपटात रंगवलेले पडदे बाजूला सारून घनाकृती नेपथ्य उभे केले. ज्याने स्वतःच ती वाट नाकारली, त्याच्या माथी ती पुन्हा का मारायची? तिसरा, हे काम १९१० ते १९१६ एवढ्या अवधीचे, तेही बंधू आनंदरावांच्या जोडीने केलेले. त्यातले आज पुढे ठेवता येईल असे काय आहे? मुद्दे हलके नाहीत. एकेक घेऊ.

कारागिरीचा आक्षेप घेणाऱ्याने रंगवलेला पडदा कधी हाताच्या अंतरावरून पाहिला आहे काय? आमच्या चिखलोलीत हौशी मंडळींच्या नाटकासाठी भाड्याने आणलेला महालाचा पडदा मी एकदा दिवसाउजेडी जवळून पाहिला. खांब म्हणून जे दिसत होते ते तपकिरी रंगाचे तीन फराटे आणि कडेला पांढऱ्याचा एक ओघळ. झुंबर म्हणजे पिवळ्या ठिपक्यांचा नुसता सडा. रात्री दिवे लागले, मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो आणि ते फराटे गोल झाले, ठिपके लखलखले. ज्याने ते काढले त्याने माझ्या बसण्याची जागा आधीच हिशेबात धरली होती.

आणि हा तर साधा, भाड्याचा पडदा. संगीत नाटकांच्या वैभवकाळातला चित्रकार काय करीत असेल? कापडाला खळ द्यायची, सरसाच्या पाण्यात भुकटीचे रंग कालवायचे. हे रंग ओले असताना गडद दिसतात आणि वाळले की उजळतात. म्हणजे हात चालतो तो समोर दिसणाऱ्या रंगावर नव्हे, उद्या दिसणाऱ्या रंगावर. त्यात रंगभूमीवरचा उजेड पायदिव्यांतून, खालून वर येणारा. निसर्गात सावली पडते तशी ती इथे पडत नाही, म्हणून तिची दिशा चित्रकाराला ठरवावी लागते. पुढे रंगीत पोशाखातला नट उभा राहणार, त्याला पडद्याने गिळता कामा नये. हे सारे पेलणाऱ्याला कारागीर म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पण मग आमच्या शेजारचे अंबरनाथचे शिवमंदिर पाहायला चला. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तिथे आहे. ते दगड घडवणाऱ्यांनीही सांगितलेलेच काम केले होते. त्यांना कलावंत म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातल्या दोन भावांपाशीच ती का अडखळावी?

आता दुसरा मुद्दा. तो सर्वांत बळकट आहे आणि माझ्या मते तोच पूर्वपक्षावर उलटतो. बाबूरावांनी चित्रपटात पडदे टाकून घनाकृती नेपथ्य आणले, हे खरे. पण का आणले? पडद्याची सारी माया प्रेक्षक ठरावीक अंतरावर बसला आहे या एका अटीवर उभी असते. कॅमेरा ती अट मोडतो. तो जवळ जातो आणि फराटे उघडे पडतात. शिवाय त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटे आणि निळा पांढुरका. रंगांच्या ज्या तोलावर पडदा जगतो, तो तोलच तिथे कोसळे. हे कोणाला आधी उमगणार? ज्याने वर्षानुवर्षे अंतर, उजेड आणि रंग यांचा हिशेब मांडला, त्याला. पडद्याची मर्यादा पडदेवाल्याइतकी कोणाला ठाऊक असते? बाबूरावांनी साधन बदलले, विद्या तीच राहिली.

त्या विद्येच्या खुणा त्यांच्या चित्रपटांत जागोजाग आहेत. चित्रीकरणाआधी ते दृश्यांची, पात्रांची, वेशभूषेची रेखाटने स्वतः करीत. ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. रंगमंचावर दिव्यांच्या उजेडासाठी चित्रे काढलेल्या माणसाला सूर्यावर विसंबण्याची सक्ती जाचली, यात नवल ते काय? आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिना’चे १९२४ मधले भित्तिपत्रक आजही उपलब्ध आहे, जुन्यात जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत ते गणले जाते. फार काय, ‘सैरंध्री’चा विषयही रंगभूमीने तापवलेला. खाडिलकरांच्या ज्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने बंदी घातली, त्याचेच हे कथानक.

आणखी एक प्रश्न. जे. जे. स्कूलची पदवी बाबूरावांजवळ नव्हती. मग यथार्थदर्शन, छायाप्रकाश, आकृतींची मांडणी हे सारे ते शिकले कुठे? पडद्यापाशीच. संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या यांच्यासाठी या भावांनी केलेले काम ही त्यांची शाळा. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि हे दोघे स्वतःचा कॅमेरा घडवण्याच्या ध्यासाला लागले, तेही पडदे रंगवीत असतानाच. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ साली कॅमेरा पुरा केला. ज्याला उमेदवारी म्हणता, त्याच काळात ही ठिणगी पडली.

राहिला तिसरा मुद्दा. आनंदरावांचा वाटा मी मुळीच नाकारत नाही; तो मोठा होता आणि पडद्यांचे काम गौण ठरवले की बाबूरावांआधी त्यांच्यावरच अन्याय होतो. पण पडदे उरले नाहीत म्हणून ते मोजायचे नाहीत, हा न्याय आपण सर्वत्र लावतो काय? बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपटही नष्ट झाले आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आपण कुठे पाहिला? तरी त्याची थोरवी समकालीनांच्या साक्षीवर मान्य करतो, आणि योग्यच करतो. मग पडद्यांच्या बाबतीत तीच साक्ष अपुरी कशी? एकाच न्यायालयात दोन कायदे चालत नाहीत.

खंडन झाले, आता मंडन. बाबूराव पेंटर हे आरंभापासून अखेरपर्यंत दृश्य रचणारे चित्रकार होते. कापड, फिल्म, माती ही त्यांची माध्यमे. पुढे शिल्पातही त्यांनी तोच हात चालवला. त्यांच्या हाताखाली घडलेले दामले आणि फत्तेलाल यांनी शांताराम आणि धायबर यांच्यासह १९२९ साली ‘प्रभात’ उभी केली. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. त्या चित्रपटातल्या नेपथ्याचे मूळ शोधत मागे गेलात, तर वाट कोल्हापुरातल्या रंगाच्या भांड्यांपाशीच पोचते.

निवाडा वाचकांनी करावा. माझा शेवटचा साक्षीदार तेवढा ऐकावा. बाबूराव जन्माने मेस्त्री. टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले, लोक त्यांना कलामहर्षी म्हणू लागले. त्यांनी कंपनी काढली, कॅमेरा घडवला, चित्रपट दिग्दर्शित केले. एवढे होऊनही आडनावाच्या जागी राहिला तो पडद्यांच्या दिवसांतला एकच शब्द, पेंटर. ते दिवस त्यांना ओलांडून विसरायचे असते, तर तो शब्द त्यांनी १९५४ पर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत अंगावर वागवला असता काय?