हाडाची सुई आणि किरमिजी लडी



मागच्या दिवाळीत धाकटी सून परदेशातून आली तेव्हा तिने माझ्यासाठी लोकरीच्या दोन लड्या आणल्या. आमच्या लेकीला दिवस गेलेत, तर बाळाला टोपडं आणि मोजे विणायला म्हणून. रंग पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, कुठे गडद, कुठे फिका, आणि मऊ इतकी की गालाला लावून बघावीशी वाटली. मी लावलीही. मग चष्मा घालून चिठ्ठी वाचली. सत्तर टक्के मेरिनो लोकर, तीस टक्के रेशीम, हाताने रंगवलेली, रंग कोचिनियलचा. "आई, यात काही केमिकल नाही, सगळं नॅचरल आहे," सून कौतुकाने म्हणाली. मी "छान आहे गं" म्हटलं आणि लडी डब्यात ठेवली.

रेशमाचं तर आपल्याला ठाऊक आहे. एक किलो रेशमासाठी पाच हजारांच्या वर कोष लागतात आणि धागा अखंड निघावा म्हणून आतला जीव कोषातच मारतात. कोचिनियल हा शब्द मात्र मला नवा होता. म्हणून शोधायला बसले, आणि त्या शोधात विणकामाचा सगळा डबाच उपसून झाला.

कोचिनियल हा निवडुंगावर राहणारा एक बारीक किडा. मूळचा मेक्सिकोकडचा. माद्या गोळा करून, मारून, वाळवून त्यांची पूड करतात, तो हा लाल रंग. पौंडभर रंगाला सुमारे ७०,००० किडे लागतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर हा माल जहाजं भरभरून युरोपात आणला. राजांचे झगे, धर्मगुरूंची वस्त्रं, इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल कोट, सगळीकडे हाच रंग. ईस्ट इंडिया कंपनीलाही मोह झाला. १७९५ मध्ये ब्राझीलहून हे किडे हिंदुस्थानात आणले. पण आणली ती भलतीच जात. तिच्यापासून चांगला रंग काही मिळेना, उलट तिने निवडुंगच फस्त केला! कंपनीचा हा व्यवहार बुडीत खात्यात गेला याचं मला, कॉमर्सची विद्यार्थिनी असूनही, अजिबात वाईट वाटलं नाही.

कोचिनियल येण्याआधीही जुन्या जगातला भारी लाल रंग किड्याचाच होता. आपण सहज 'किरमिजी रंगाचा शालू' म्हणतो ना, तो किरमिजी शब्द फारसीतल्या 'किर्म'वरून आला. किर्म म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चा सख्खा भाऊ. इंग्रजीतला क्रिमसनही त्याच घरातला. शब्दातच किडा बसला होता आणि आपण साठ वर्षं तो साड्यांच्या दुकानात उच्चारत होतो. आपल्याकडचा लाखेचा लाल रंगही तसाच, झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांचा.

लाख म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात घंटा वाजली. प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे. वर्षानुवर्षं मी ते एका दमात म्हणत आले, अर्थाकडे फारसं लक्ष न देता. खरं सांगा, तुम्हीही तसंच म्हणता की नाही? त्यात दंतवाणिज्य आहे आणि त्याच्या शेजारीच लाक्षावाणिज्य आहे.

ही यादी आगमातली, उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या कथेत येणारी. पण तिचा खुलासा हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात केला आहे. तो वाचताना मी अंगठ्याने ओळ धरून बसले. दंतवाणिज्यात नुसते हस्तिदंत नाहीत, तर प्राण्यांची हाडं, नखं, केस, कातडीही येतात. लाक्षावाणिज्यात नुसती लाख नाही, नीळही आहे. नीळ तर वनस्पतीची! पण पाला कुंडात कुजवून, ढवळून नीळ काढतात, त्यात अगणित जीव मरतात. म्हणजे आचार्यांनी वस्तू झाडाची की प्राण्याची एवढंच पाहिलं नाही. ती तयार होताना काय होतं ते पाहिलं. 'केशवाणिज्य' या नावावरून मला आधी लोकर वाटली आणि पोटात गोळा आला. पण त्याचा अर्थ केस असलेल्या जीवांची, म्हणजे माणसांची आणि जनावरांची, खरेदी-विक्री. गुलामांचा व्यापारही त्यात आला. लोकरीला आपल्याकडे हरकत नाही. महासतीजींच्या ओघ्याच्या दशा लोकरीच्याच असतात.

हेमचंद्राचार्य होते गुजरातेत, सोळंकी राजांच्या पाटणला. त्या काळात गुजरातचं सुती कापड समुद्रापार जात होतं. इजिप्तमध्ये जुन्या कैरोत फुस्तात म्हणून ठिकाण आहे, तिथे गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडे सापडलेत. ते आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. आणि गंमत म्हणजे दोन सुयांच्या विणकामाचे जगातले सगळ्यात जुने नमुनेही इजिप्तमधलेच आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. मोजे! पांढऱ्या आणि निळ्या सुताचे, नक्षी घातलेले. लोकर नाही, रेशीम नाही, सूत आणि नीळ. (त्याआधीचे इजिप्तचे लाल लोकरीचे मोजे आहेत, अंगठा वेगळा असलेले, पण ते एकाच सुईने गाठी मारत केलेले. त्याला आपण विणकाम म्हणणार नाही.) ते निळे मोजे कुणी विणले, नीळ कुठून आली, काही नोंद नाही. पण तिकडे सुयांवर निळं सूत चढत होतं त्याच सुमाराला इकडे एक आचार्य आपल्या व्यापाऱ्यांना सांगत होते की बाबांनो, निळीच्या धंद्यात पडू नका. किती जणांनी ऐकलं असेल ते सांगता येत नाही. नफा मोठा होता.

या निळीने पुढे काय केलं ते शाळेत शिकलोय आपण. १८५९ मध्ये बंगालचे शेतकरी निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठले, १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले. तिथे बिघ्यातल्या वीस भागांपैकी तीन भागांत नीळ लावायची सक्ती होती. जीव मरतात ते फक्त कुंडातले नव्हेत.

आणि ज्याला सून नाक मुरडते त्या 'केमिकल'चं काय? १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डांबरातल्या एका पदार्थापासून कोयनेल बनवायला गेला आणि हातात आला जांभळा रंग. त्यानंतर रंगांची रांगच लागली. मंजिष्ठेचा लाल रंग कारखान्यात बनू लागला, १८९७ मध्ये जर्मनीतून कारखान्याची नीळ बाजारात आली. कोचिनियलचा बाजार बसला तो याच रंगांनी. त्या कारखान्यांनी नद्या नासवल्या हे खरं, मी त्यांची वकिली करत नाही. पण 'नॅचरल' शब्द वाचून निर्धास्त व्हावं असंही नाही, एवढं मला त्या चिठ्ठीने शिकवलं.

आता सुयांकडे येते. माझी लाडकी जोडी दहा नंबरची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, ही इंग्रजांची जुनी पद्धत, तारेच्या जाडीच्या मापावरून आलेली. तिकडच्या सुना मिलिमीटर बोलतात आणि आपण नंबर, त्यामुळे फोनवर वीण सांगताना हमखास गोंधळ होतो. माझ्या बहुतेक सुया 'पोनी'च्या आहेत. ही कंपनी निलगिरीतल्या केट्टीची, १९४९ ची, तेव्हा इंग्रजांच्या मालकीची. मुलगा सीए करत होता तेव्हा त्याच्या कंपनी कायद्याच्या पुस्तकात नीडल इंडस्ट्रीज हे नाव दिसलं आणि मी विणता विणता थांबले. १९७३ च्या फेरा कायद्याने परदेशी हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणणं भाग होतं, म्हणून कंपनीने १९७७ मध्ये नवे शेअर काढले. परदेशी भागीदारांकडे पत्र वेळेत पोचलं नाही आणि भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. १९८१ मध्ये निकाल लागला, सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड. शेअर देणं वैध ठरलं, पण भागीदारांचं नुकसान भरून द्यायला सांगितलं. माझ्या हातातल्या सुईवरून एवढं रामायण झालं होतं! मुलाला त्या प्रश्नाला चांगले मार्क पडले.

ॲल्युमिनियमच्या आणि प्लॅस्टिकच्या सुया विसाव्या शतकातल्या. त्याआधी पोलाद, लाकूड, हाड, हस्तिदंत आणि कासवाची पाठ. हस्तिदंताला पर्याय म्हणून अमेरिकेत सेल्युलॉइड निघालं ते १८७० च्या आसपास, बिलियर्डच्या चेंडूंसाठी. इंग्लंडमध्ये तर दुधातल्या केसीनपासूनही विणायच्या सुया आणि बटणं बनवत.

हे सगळं वाचत असताना माझं लक्ष राहून राहून सासूबाईंच्या क्रोशाच्या सुईकडे जात होतं. पिवळसर, गुळगुळीत, वापरून वापरून मधोमध किंचित बारीक झालेली. सासूबाई आता एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. माहेरी शाळेत असताना शिवणाच्या बाईंनी त्यांना ती बक्षीस दिली होती. लग्नात तीच सुई घेऊन त्या या घरात आल्या. १९६२ च्या युद्धात बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेला मांडीवर घेऊन त्यांनी गळपट्टे केले. स्थानकात माळेच्या पिशव्या, मुहपत्तीच्या पिशव्या, पाटावरचे रुमाल, सगळं त्या सुईचं. "हस्तिदंती आहे बरं का," असं त्या कौतुकाने सांगायच्या. तो रंगच तसा म्हणून.

नातवाचं भिंग घेऊन मी ती खिडकीत धरली. हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइड चोळलं की कापराचा वास येतो. हाडावर बारीक काळपट ठिपके आणि आखूड रेघा दिसतात. मी चोळून पाहिलं, वास आला नाही. ठिपके होते. टोकापासून दांड्यापर्यंत सगळीकडे होते.

आठ दिवस मी गप्प राहिले. 'हे' म्हणाले, कशाला सांगतेस, या वयात? खरंच होतं. पण सासूबाईंनी जन्मभर मधाचं बोट लावलं नाही, लग्नकार्यातही रेशीम नेसल्या नाहीत. त्यांच्यापासून हे लपवणं मला जड जात होतं. त्यांच्या जागी मी असते तर मला कळायला हवं होतं. नवव्या दिवशी दुपारी त्या रुमाल विणत बसल्या असताना मी सांगितलं.

त्यांनी सुई डोळ्यांजवळ नेली. "हाडाची? कुणाच्या?"

"गाई-बैलांच्या असायच्या बहुतेक," मी म्हटलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग सुई टाक्यातून हळूच काढली, सुटलेल्या टाक्यात एक टाचणी अडकवली आणि सुई माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी आयंबिल केलं. संध्याकाळी महासतीजींकडे जाऊन आलोयणा घेऊन आल्या. मला रागावल्या नाहीत, पण दोन दिवस मला विणायलाही बोलावलं नाही. माझं चुकलं का, असं त्या दोन दिवसांत मी कितीदा तरी स्वतःला विचारलं.

सुनेशीही बोलले. तिला वाईट वाटलं, पण आपणच चिठ्ठी नीट वाचली नाही म्हणाली आणि लड्या मैत्रिणीला देते म्हणून परत घेऊन गेली. बाळासाठी मी पांढरं सूत आणलं आणि घरीच रंगवलं. पुस्तकात पहिलाच रंग कांद्याच्या सालीचा! आपल्या घरात कांदा कुठला? डाळिंबाच्या साली मात्र खूप निघतात. सूत आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून, मग तुरटीच्या पाण्यातून काढून, सालीच्या गाळलेल्या काढ्यात तासभर मंद आचेवर ठेवलं. पाणी आधी नीट पाहून घेतलं. मोहरीच्या फोडणीसारखा पिवळा रंग आला, दोन ठिकाणी डाग राहिले. मऊपणात त्या मेरिनोची सर नाही, हे कबूल करते. टोपडं झालंय, मोजे चालू आहेत.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पोलादी क्रोशाची सुई मागितली. बोटांना ती बारीक आणि गार लागते म्हणून मी दांड्याला सुती पट्टी गुंडाळून दिली. तो रुमाल त्यांनी परवा पुरा केला. अर्धी कड सैल आणि सारखी, अर्धी घट्ट आणि थोडी वाकडी. उसवून पुन्हा करू का, मी विचारलं. नको म्हणाल्या, आणि रुमालाची घडी घालून माळेखाली ठेवली.