साचा आणि लूम : मुंबईच्या तंत्रशिक्षणाचा एक धडा

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिली. गिरण्यांची यंत्रे लँकेशायरहून येत. ती जाणणारे वरिष्ठ तंत्रज्ञही बहुधा तिकडचेच असत. ही उणीव भरून काढण्यासाठी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तेथील शिक्षण इंग्रजीतून होई. त्यातून देखरेख करणारा वर्ग तयार झाला. कोकण-घाटावरून आलेला कामगार मात्र जॉबरच्या हाताखाली, आपल्या बोलीतच घडला. विद्यार्थ्याचा ‘लूम’ त्याच्या तोंडी ‘साचा’ होता. ज्ञान आणि कसब यांमधील ही दरी केवळ भाषेची नव्हती. परंतु भाषेने ती दृढ केली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने कारखान्यातील उमेदवारीला वर्गातील शिक्षणाची जोड दिली. तथापि अभ्यासक्रम उद्योगाशी जुळवावयाचा, तर साच्यावरची बोलीही वर्गात आली पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.