तळीराम राहिला, सिंधू गेली

दर ३१ डिसेंबरच्या आसपास मराठी पेपरात एक मथळा हमखास असतो: 'तळीरामांवर कारवाई'. तळीराम हे मुळात नाटकातल्या एका पात्राचं नाव, हे आता किती जणांना आठवतं कोण जाणे! राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधला हा सुधाकर वकिलाचा कारकून. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिन्याभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात पहिला प्रयोग केला.

तळीराम आणि त्याचं 'आर्यमदिरामंडळ' आजही हसवतात. पण त्याच नाटकात सिंधू आहे. नवरा दारूत बुडाल्यावर लोकांची दळणं दळून घर चालवणारी आणि शेवटी त्याच दारूपायी बाळासकट जीव गमावणारी. गडकऱ्यांनी हसू आणि त्याची किंमत एकाच तिकिटात दाखवली. पुढे विनोदी सिनेमाने तळीराम ठेवला आणि सिंधू, आपल्या प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, कॉमेंट करून टाकली.

१९३९ चा 'ब्रँडीची बाटली' घ्या. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक मास्टर विनायक. दामुअण्णा मालवणकरांचा म्युनिसिपालिटीतला भोळा कारकून औषधासाठी ब्रँडी आणायला निघतो, पण ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही! त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबईत काँग्रेस सरकारने दारूबंदी लागू केली होती. गंमत म्हणजे इथे आपण हसतो ते न पिणाऱ्याला.

मग आला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. प्यायची तर परवाना हवा. (बारच्या पाटीवरचं 'परमिट रूम' तिथूनच आलं.) आणि याच कोरड्या मुंबईत बेस्टचा एक बस कंडक्टर दारुड्याची झकास नक्कल करून गुरुदत्तच्या 'बाजी'त (१९५१) शिरला. बद्रुद्दीन काझीला नाव मिळालं चक्क व्हिस्कीचं, जॉनी वॉकर! स्वतः मात्र दारूला न शिवणारा. पडद्यावरचा हा दारुडा गोड, निरुपद्रवी. त्याच्या घरी कोण वाट बघतंय, हे कुणी विचारायचं नाही.

हे फक्त सिनेमातच नाही हं. माझं गाव डिंगोरे, ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागतं. तमाशाच्या सुपाऱ्या जिथे ठरतात ते नारायणगाव आमच्याच जुन्नर तालुक्यात. जत्रेत सोंगाड्या झिंगत स्टेजवर आला की पहिली शिट्टी पुढच्या रांगेतून यायची. त्या रांगेत बाया नसायच्या. त्या घरी. समोर कोण बसलंय त्यावर विनोद ठरतो, आणि सिंधू कधी समोर बसलेलीच नव्हती.

ती आली ती मतदानाला. महाराष्ट्रात गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त जणींनी आडवी निवडली की दुकान बंद. अत्र्यांची बाटली हसवायला होती. ही बाटली हिशोब मागायला आहे.

असो. तळीरामाला हसायला माझी ना नाही, मीही हसतो. फक्त पुढच्या वेळी दारुड्याच्या सीनला अख्खं थिएटर खिदळेल तेव्हा जरा बघा, त्याच्या घरचं कुणी पडद्यावर आहे का?