तोंड, नळी आणि अंगठा

लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक ओठांनी ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. मॅसॅच्युसेट्सने १९११ साली ही चाल कायद्याने बंद केली. लँकेशायरला त्यासाठी १९५२ साल उजाडावे लागले. कामगार चळवळीत वाढलेल्या आम्हांला ही हकिकत ठाऊक होती. पण प्रयोगशाळेसारख्या विद्येच्या ठिकाणीही हाच प्रकार चालत असे, हे आम्ही फार उशिरा वाचले.

तेथले साधन म्हणजे पिपेट, मापाच्या खुणा असलेली काचेची नळी. एक टोक द्रवात बुडवायचे, दुसरे ओठांत धरून खुणेपर्यंत ओढायचे आणि चटकन बोटाने दाबायचे. द्रव म्हणजे पाणीच असे नव्हे. रक्त, आम्ल, रोगजंतूदेखील. १८९३ साली एका डॉक्टराने विषमज्वराचे जंतू असेच तोंडात ओढून घेतल्याची नोंद आहे. यावर उपाय कोणता? नळीच्या वरच्या टोकात कापसाचा बोळा, आणि 'जपून ओढा' ही ताकीद! साधन निर्दोष, गुन्हेगार तेवढा काम करणारा. हा न्याय आमच्या चांगल्या परिचयाचा आहे.

१९५७ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइनरिश श्निटगर या तरुण संशोधकाला थेंबाहूनही लहान मापे तोंडाने ओढण्याचा वीट आला. त्याने इंजेक्शनची पिचकारी घेतली, तिच्या दट्ट्याला स्प्रिंग लावली आणि सुईच्या जागी प्लॅस्टिकचे टोक बसवले. दट्ट्या व द्रव यांच्यामध्ये हवा राहते, त्यामुळे द्रव टोकापुरताच चढतो. टोक बदलले की पुढचे काम सुरू. अंगठा दाबावा, सोडावा, इतकेच. त्याच वर्षी पेटंटचा अर्ज गेला आणि १९६१ पासून हॅम्बुर्गच्या एका कंपनीने ही पिपेट बाजारात आणली. तरी तोंडाने ओढण्याची सवय पुढे कित्येक वर्षे टिकलीच.

तोंड सुटले, पण भार अंगठ्यावर आला. वर्षाकाठी ३०० तासांहून अधिक पिपेट चालवणाऱ्यांत हात व खांद्याची दुखणी वाढतात, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश पाहणीत दिसून आले. त्यानंतर हलक्या स्प्रिंगा आल्या, तर्जनीने दाबायच्या कळा आल्या. आमच्या ओळखीच्या एका तंत्रज्ञ बाईंनी अंगठा दुखतो म्हणून तक्रार केली, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, 'जरा जपून दाबा.' पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खालोखाल आम्ही हलक्या स्प्रिंगच्या पिपेटचे कलम घातले.